बैल सोडले का?

"बैल सोडले का?"

रात्री तीनच्या सुमाराला आप्पांनी विचारलं. आम्हाला नाही. आम्ही आयसीयूच्या दाराबाहेर सतरंजी टाकून बसलो होतो. विचारलं ते त्यांच्या खाटेशी उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरला. त्यानं मान डोलावली, कागदावर एक आकडा लिहिला आणि तो पुढच्या खाटेकडं गेला.

आप्पा म्हणजे माझे चुलते. २०२२ च्या पावसाळ्यात परभणीहून पोखर्णीला परत येताना गंगाखेड रस्त्यावर त्यांची मोटारसायकल घसरली. हेल्मेट नव्हतं. आधी परभणी, तिथं सीटी स्कॅन, मग ॲम्ब्युलन्सनं मराठवाड्यातलं एक मोठं सरकारी रुग्णालय. कवटीच्या आत थोडं रक्त साचलंय, लगेच ऑपरेशनची गरज नाही, पण लक्ष ठेवावं लागेल, असं आम्हाला सांगितलं गेलं. त्या रात्री लक्ष ठेवणं हाच उपचार होता.

पहाटे साडेपाचला पळापळ सुरू झाली. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. ऑपरेशन झालं, आप्पा वाचले. पण उजवा हात लुळा राहिला आणि शब्द निसटू लागले. मला ते आजही माझ्या बापाच्या नावानं हाक मारतात.

दोन दिवसांनी त्याच रेसिडेंटनं जिन्यात मला थांबवलं. परराज्यातला मुलगा, माझ्याच वयाचा. मोडक्या मराठीत म्हणाला, "तीन वाजता ते नीट बोलले होते. बैलांचं विचारलं होतं. शेतकरी आहेत ना?"

हे मी काकूला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "आपल्याकडं बैल कुठंयत रे? इकून चार वर्सं झाली."

एक आकडा

हा लेख त्या मुलाविरुद्ध नाही, हे आधीच सांगतो. तो कशाविरुद्ध आहे ते कळण्यासाठी त्यानं लिहिलेला आकडा समजून घ्यावा लागेल.

मेंदूला मार लागलेल्या माणसाची शुद्ध मोजायला जगभर एक मोजपट्टी वापरतात, ग्लासगो कोमा स्केल. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्याला ४ पर्यंत गुण, बोलण्याला ५ पर्यंत, हालचालीला ६ पर्यंत. पूर्ण शुद्धीवरचा माणूस १५, काहीच प्रतिसाद न देणारा ३. एकदाच मोजलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तासातासाला तो कुठं सरकतोय हे पाहायचं असतं. एक-दोन गुण घसरले तरी आत काहीतरी बिघडतंय अशी शंका घ्यायची असते, कारण बाहुली मोठी होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

बोलण्याच्या रकान्यात ५ आणि ४ यांतला फरक असा: माणूस बोलतोय, पण भानावर बोलतोय की भ्रमात?

आता आप्पांचा कागद पाहा. संध्याकाळच्या पाळीला पुण्याकडची एक रेसिडेंट होती. आप्पा तिला म्हणाले, "मला आखाड्यावर जायचंय." आमच्याकडं शेतातल्या खोपीला, गोठ्याला आखाडा म्हणतात. रोज संध्याकाळी आप्पा तिथंच असायचे. वाक्य शंभर टक्के भानावरचं होतं. तिच्या डोळ्यांसमोर कुस्तीचा आखाडा आला. तिनं ४ लिहिले. रात्री तीनला आप्पांनी नसलेल्या बैलांची चौकशी केली. हे वाक्य भ्रमातलं होतं. त्याला ५ मिळाले.

म्हणजे कागदावर आप्पा १४ वरून १५ वर गेले. प्रत्यक्षात ते खाली चालले होते आणि कागद सांगत होता की सुधारतायत.

दोघंही हुशार होते, दोघांनीही दिलेलं काम केलं होतं. दोघांच्याही शेजारी त्या वेळी शिकवणारं कुणी नव्हतं. दोन पाळ्यांमध्ये एकत्र खाटेशी उभं राहून "तुला हे भ्रमातलं का वाटलं?" असं विचारायची पद्धत नव्हती. आणि ज्या बाईला एका वाक्यात खरं-खोटं सांगता आलं असतं, ती दाराबाहेर बसलेली होती, कारण नातेवाइकांना आत सोडत नाहीत. तीन वाजता कळलं असतं तर हात वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. पण अडीच तास हातात असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याला आपण रेसिडेंट डॉक्टरचं प्रशिक्षण म्हणतो, त्यातलं बरंचसं प्रशिक्षण नसतंच. ती मजुरी असते. मजुरी करता करता जे अंगाला चिकटेल त्याला आपण शिक्षण म्हणतो. इतर वॉर्डांत हे कदाचित खपत असेल. मेंदूच्या आयसीयूत खपत नाही, कारण तिथं बघणं हेच औषध आहे आणि बघायला शिकवावं लागतं.

माझ्या धंद्यातली गोष्ट

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पुण्यात राहतो. माझ्या कंपनीचे सर्व्हर रात्री बंद पडले तर कुणाचे तरी पैसे अडकतात, कुणाची तरी ऑर्डर जात नाही. एवढ्यासाठी आमच्याकडं काय काय असतं? ऑन-कॉलचं वेळापत्रक महिनाभर आधी लागतं. नवीन माणसाला पहिल्या दिवशी एकट्याला रात्रीची जबाबदारी देत नाहीत. तो काही आठवडे अनुभवी माणसाच्या जोडीनं बसतो. अलार्म वाजला तर पहिल्यांदा काय पाहायचं, मग काय, आणि कुठल्या क्षणी वरच्याला झोपेतून उठवायचं, हे लिहून ठेवलेलं असतं. वरच्याला उठवलं म्हणून कुणी ओरडत नाही. सगळं निस्तरल्यावर बैठक होते. तिच्यात ‘कुणी केलं’ विचारायचं नसतं, ‘हे होऊ कसं शकलं’ विचारायचं असतं.

यातलं काहीही थोरपणातून आलेलं नाही. नुकसान झालं की पैसे जातात, म्हणून आलंय. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करता येतो, तरी आम्ही एवढं करतो. पक्षाघातात रक्तवाहिनी बंद झाली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला. त्या पेशी पुन्हा चालू करता येत नाहीत. आणि त्यांच्या राखणीला आपण तीस तास जागा असलेला, कालपरवा रुजू झालेला पोरगा उभा करतो.

"आम्हीपण असंच शिकलो"

हा पहिला प्रतिवाद. बहुतेक ज्येष्ठ डॉक्टर हेच म्हणतात. छत्तीस तास उभं राहिलं की माणूस घडतो, म्हणे.

केंद्र सरकारची १९९२ ची रेसिडेन्सी योजना सांगते की सलग ड्यूटी साधारणतः बारा तासांपेक्षा जास्त नसावी. त्या योजनेला तिशी उलटली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२३ चे नियम ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती म्हणतात. वाजवी म्हणजे किती? २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती गटानं आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक सुट्टी अशी शिफारस केली. त्याच ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एक रेसिडेंट डॉक्टर लांबलचक ड्यूटीत जरा पडायला म्हणून सेमिनार हॉलमध्ये गेली आणि तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला. देशभर मेणबत्त्या पेटल्या. त्यानंतर सुरक्षारक्षक, कॅमेरे यांवर पुष्कळ बोललं गेलं. तिला झोपायला सेमिनार हॉलमध्ये का जावं लागलं, हा प्रश्न मागं पडला.

थकव्यानं माणूस घडत असता तर २००४ चा बोस्टनचा अभ्यास वेगळा निघाला असता. तिथं आयसीयूतल्या शिकाऊ डॉक्टरांचे दोन गट तपासले. जुन्या पद्धतीनं लांब पाळ्या करणाऱ्यांच्या गंभीर चुका कमी तासवाल्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त भरल्या.

यावर ज्येष्ठांचं एक उत्तर मात्र खरं आहे. पाळ्या छोट्या केल्या की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांडतं. आप्पांचंही तिथंच सांडलं. पण म्हणून पाळ्या लांबवायच्या नसतात, सोपवायला शिकवायचं असतं. २०१४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत रेसिडेंटांना रुग्ण सोपवण्याची ठरावीक पद्धत शिकवली, तेव्हा चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फक्त बोलण्याची शिस्त.

"यंत्रं आणू"

हा दुसरा प्रतिवाद, पुढाऱ्यांचा. यंत्राची फीत कापता येते, शिकवण्याची कापता येत नाही.

२०२१ मध्ये पीएम केअर्समधून मराठवाड्यात आलेल्या व्हेंटिलेटरांचं प्रकरण आठवा. यंत्रं बिघडलेली असल्याच्या तक्रारींवर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात सुनावणी झाली. केंद्राच्या बाजूनं असंही मांडलं गेलं की रुग्णालयं ती नीट वापरत नाहीत. कोर्टानं या पवित्र्यावर नाराजी दाखवली, ते योग्यच. पण क्षणभर धरून चाला की ते खरं होतं. मग प्रश्न असा की वापरायला शिकवायची जबाबदारी कुणाची होती? खोकी उतरवणाऱ्या हमालाची?

आणि काही चुकलं की आपला राग कसा बाहेर पडतो तेही पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. एका खासदारांनी येऊन प्रभारी डीनना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला, कुणाचं तरी नाक कापलं गेलं, बघणाऱ्यांना बरं वाटलं. त्यातून एका रेसिडेंटला एक गोष्ट जास्त शिकायला मिळाली असेल तर मला दाखवा.

"एआय आहे ना"

तिसरा प्रतिवाद माझ्या जातकुळीचा. हिंजवडीच्या कँटीनमध्ये हा विषय काढला की अर्ध्या तासात कुणीतरी ॲप काढायला निघतं. कॅमेरा लावू, मोठ्या शहरातला न्यूरोलॉजिस्ट स्क्रीनवर पाहील, मॉडेल धोका ओळखेल.

दूरस्थ सल्ल्याचा उपयोग आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अशा वेळी पोखर्णीच्या माणसाला दूरचा तज्ज्ञ स्क्रीनवर तरी भेटला तर फार मोठी गोष्ट आहे. पण स्क्रीनच्या अलीकडं कोण उभं आहे? आप्पांचे १५ गुण कुठल्याही मॉडेलला दिले असते तर त्यानं हिरवा दिवाच लावला असता. चुकीचा आकडा आत गेला की कितीही हुशार यंत्र चुकीचंच सांगणार. हे आमच्या धंद्यातलं पहिल्या वर्षाचं ज्ञान आहे, आणि विकायला निघालो की आम्ही तेच आधी विसरतो.

आमच्याकडं मेंदूचा आयसीयू म्हणजे काय

न्यूरो आयसीयू म्हटलं की चकाचक काचा आणि मेंदूत घातलेल्या दाब मोजणाऱ्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. आमच्या रुग्णाच्या वाट्याला बहुतेकदा मेडिसिनच्या आयसीयूतली एक खाट येते. तिच्यावर कोण असतं ते सांगतो.

मण्यार चावलेला माणूस. ती रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला. जागा सुजत नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास थांबत येतो. विष पूर्ण भिनलं की बाहुल्या उजेडाला दाद देत नाहीत, चिमटा काढला तरी बोट हलत नाही. ग्लासगोचा आकडा ३. न शिकलेल्या डोळ्याला वाटतं, मेंदू गेला. पण स्नायू लुळे पडलेले असतात. आतला माणूस जागा असू शकतो, खाटेशी चाललेलं बोलणं ऐकत असू शकतो. त्याचा श्वास यंत्रावर चालू ठेवला तर काही दिवसांनी तो उठून चहा मागतो. ‘गेला’ म्हणणं आणि चहा मागणं यांच्यामध्ये उभा असतो तो एक रेसिडेंट. त्याला हे कुणीतरी आधी सांगितलेलं असायला हवं.

दुसऱ्या खाटेवर फवारणीचं औषध अंगात गेलेला, किंवा प्यालेला. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना माहीत आहे. ऑर्गनोफॉस्फेटच्या विषात पहिला दिवस निभावला की घरचे नारळ फोडायच्या तयारीला लागतात. पण एक ते चार दिवसांत काहींचे मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी हे १९८७ मध्ये नोंदवलं. ओळखायचं कसं? रुग्णाला म्हणायचं, "उशीवरून मान उचला." उचलता येईना तर श्वासही जाणार आहे. या तपासणीला एक रुपया लागत नाही. ती दर काही तासांनी करायची असते, हे ठाऊक असावं लागतं.

तिसरा गुलियन-बारे सिंड्रोमचा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागातल्या उद्रेकामुळं हे नाव घरोघरी पोचलं. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण निघाले. यातही श्वास हळूहळू जातो, आणि तोही साध्या तपासणीनं आधी कळू शकतो: एका दमात किती आकडे म्हणता येतात? काल तीसपर्यंत जाणारा आज पंधरावर अडकला तर तयारीला लागायचं.

या सगळ्या तपासण्या बोलून करायच्या आहेत. मान उचला, आकडे म्हणा, आज वार कोणता, घरी कोण असतं. मेंदूची तपासणी रुग्णाच्या भाषेत होते. सरकारी कॉलेजांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात. देशभरातून पोरं येतात, यावीत. हा अस्मितेचा मुद्दा नाही. पुण्याची मराठी बोलणारी मुलगीही ‘आखाडा’पाशी अडकलीच होती. स्टेथोस्कोप वापरायला शिकवता, तशी इथली बोली ऐकायलाही शिकवा.

आयसीयू विद्यार्थ्यांनीच उभा केला होता

१९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांपैकी बहुतेक मरत होते. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं बारा वर्षांच्या एका मुलीच्या घशाला छेद देववून नळी घालवली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिचा श्वास चालू ठेवला. मुलगी जगली. पण बाकीच्या रुग्णांच्या पिशव्या दाबायच्या कुणी? मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटेशी बसले. दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजचा आयसीयू त्या खोल्यांतून जन्मला.

म्हणजे आयसीयूत मज्जासंस्थेच्या रुग्णाला जगवणारं पहिलं यंत्र विद्यार्थ्याचा हात होता. पण त्या हाताला किती दाबायचं, कधी थांबायचं, रुग्णाच्या चेहऱ्यावर काय पाहायचं हे दाखवलेलं होतं, आणि पाळी संपली की दुसरा हात यायचा. आपण त्यातला हात तेवढा ठेवला. दाखवणारा आणि पाळी, दोन्ही काढून टाकले.

मग करायचं काय

नुसतं शिव्या घालून उठलो तर मीही स्वच्छतागृहवाल्यांत जमा. म्हणून मागण्या मांडतो. त्यातल्या बहुतेकांना इमारत लागत नाही.

मेंदूच्या रुग्णांवरची पहिली काही आठवड्यांची रात्रपाळी नव्या रेसिडेंटनं जोडीनं करावी, एकट्यानं नाही. पाळी बदलताना दोघांनी खाटेशी उभं राहून बाहुल्या आणि शुद्धीचा आकडा एकत्र तपासावा. आकडे जुळले नाहीत तर जायच्या आधी भांडून घ्यावं. दर पाळीत एकदा घरच्या एका माणसाला आत बोलवून एकच प्रश्न विचारावा: "हे नेहमीसारखं बोलतायत का?" आप्पांच्या आयसीयूतलं सगळ्यात अचूक यंत्र काकू होती. सिस्टर आणि मावशींकडून इथल्या शब्दांची चार पानी वही करून घ्यावी. चूक झाली की नावं न घेता बैठक व्हावी. आणि ७४ तासांची शिफारस नियम व्हावी, ड्यूटीचा तक्ता भिंतीवर लागावा.

एक गोष्ट तर कागदावर आहेच. २०२० च्या नियमानुसार एमडी-एमएसच्या प्रत्येक रेसिडेंटला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. जिल्ह्याला फुकटचे दोन हात मिळाले आणि पोरांचे तीन महिने सरले, एवढाच त्याचा अर्थ उरू नये. त्या तीन महिन्यांत शहरातल्या रेसिडेंटला मण्यार आणि फवारणीचं विष इथल्या अनुभवी डॉक्टरांनी शिकवावं. आणि उलट वाटही उघडावी. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्यासाठी परभणीकर रस्त्यावर उतरले होते. उद्या इथं रेसिडेंट तयार होतील. त्यांना मुंबईतल्या केईएम, जेजेसारख्या ठिकाणी मेंदूच्या आयसीयूत काही महिने पाठवा, म्हणजे ते परत येऊन पुढच्यांना शिकवतील. कॉलेज मागताना आपण इमारत आणि जागा मोजल्या. आता शिकवण्याचे तास मागू या.

आमच्या गावात नृसिंहाचं देऊळ आहे. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट: ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, सगळं घडलं ते उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला. मेंदूला मार बसलेला माणूसही तसाच उंबरठ्यावर असतो. त्याच्यापाशी देव येईल न येईल. रेसिडेंट मात्र असतोच.

मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. आप्पा ओट्यावर बसले होते. मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारून म्हणाले, "बैल सोडले का?"

काकू आतून ओरडली, "बैल न्हाईत आपल्याकडं!"

आप्पा हसले. म्हणाले, "म्हाईतंय. बघलालो, ह्याला कळतंय का."